तुरीतलं जनावर

सटवाजीच्या खालच्या रानात त्या दिवशी नऊ बाया कापूस वेचत होत्या. मार्गशीर्षाचे दिवस. सकाळी पऱ्हाटीवर इतकं दंव, की बोंडात बोटं घातली की बधिर व्हायची. आणि दुपार झाली की त्याच वावरात पाठ भाजून निघायची. रूपाबाईची पात सगळ्यात कडेची, तुरीच्या बाजूची. ही पात कुणी खुशीनं घेत नाही, कारण तुरीच्या सावलीनं पऱ्हाटी दडपलेली असते अन् बोंडं बारीक राहतात. पण रूपाबाईची सून चतुरा औंदाच नांदायला आलेली होती. तिचा हात अजून मंद होता. बायांची बोलणी पोरीच्या कानावर नकोत म्हणून सासूनं ती पात दोघींसाठी मागून घेतली होती.

"ओटी लई भरू नको वं," रूपाबाई म्हणाली. "वाकता यायचं न्हाई. अर्धी झाली की टाकून ये."

चतुरा उठली. ओटी सावरत बांधाकडं चालली, अन् तुरीतून ते जनावर निघालं.

पळत आलं नाही. मान खाली घालून, सारख्या दुडक्या चालीनं, कुठं जायचं ते ठरवून आल्यासारखं सरळ आलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. चतुराच्या पोटरीला लुगड्यासकट तोंड घातलं आणि लोंबकळलं.

पोरीच्या किंकाळीनं सटवाजी बांधावरून धावला. तो गाडीत कापसाची गठुडी टाकत होता. हातात बैल हाकायची तुतारी, टोकाला आर लावलेली काठी होती. वावराचा मालक, चाळिशीचा, अंगानं दांडगा माणूस. त्यानं जनावराच्या पाठीत एक घातली, दुसरी घातली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा जनावरानं पोटरी सोडली आणि सटवाजीचं मनगट धरलं. क्षणभर माणूस अन् जनावर तोंडासमोर तोंड आणून उभे होते. मग सटवाजीनं हात हिसडला, ते ढेकळात आपटलं, उठलं, जरा भेलकांडलं आणि आल्या चालीनं परत तुरीत गेलं.

"कुत्रं, कुत्रं!" बाया ओरडत होत्या. "पिंजाऱ्याचं तांबडं कुत्रं!"

रूपाबाईनं प्यायच्या पाण्याची घागर उचलून आणली आणि अर्धीअधिक चतुराच्या पोटरीवर ओतली. जखम दाबून दाबून रक्त काढलं, पुन्हा धुतली. उरलेलं पाणी सटवाजीपुढं धरलं.

"मालक, हात धुवा. चोळून धुवा."

"राहू दे. चिंधी दे," सटवाजी म्हणाला. त्याची नजर तुरीकडं होती.

*

गावात खाजा मिया पिंजारी कडुलिंबाखाली बसून कुणाच्यातरी गादीचा कापूस पिंजत होता. त्याचं तांबडं कुत्रं, शेरू, खुंटीला बांधलेलं होतं आणि पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडलं होतं. सटवाजी आला तेव्हा त्याच्यामागं अर्धं गाव होतं.

"कुत्रं मोकळं सोडतो व्हय रे?" म्हणत त्यानं खाजा मियाच्या मुस्काटात मारली. बरा हात होता त्या हातानं मारली. पिंजण आडवं पडलं. दारात खाजाची बायको कमरजहाँ उभी होती. तिनं तोंडावर ओढणी घेतली.

"मालक," खाजा मिया गालावर हात ठेवून म्हणाला, "सुबेसे बांधेला हय. खुदा की कसम. पूछो किसीको बी."

"दावं कुरतडून गेलं आन वापस आलं," मागून कुणीतरी म्हणालं. हे कसं व्हावं याचा विचार कुणी केला नाही.

चतुराला घरी टाकून रूपाबाई तिथं पोचली होती. गर्दीत बायामाणसानं बोलायची रीत नव्हती. पण सटवाजीनं आता कुत्र्यावर काठी उगारली होती.

"मालक, त्याला मारू नका," ती म्हणाली. "ते कुत्रं नव्हतं. कोल्हा व्हता."

सगळे वळले. ओट्यावर तातेराव बसला होता. गावाला झाडपाला देणारा म्हातारा. ताप असो, विंचू असो, आधी तातेराव. त्याला हसू आलं.

"कोल्हा? भर दुपारा? नऊ बाया आसलेल्या वावरात?"

"व्हय."

"आन तुला कसं कळलं?"

"म्या आठ-धा हातावर व्हते. शेपूट पाह्यली म्या. झुपकेदार, खाली लोंबलेली, टोकाला काळी. शेरूची शेपूट वर वळलेली हाय, बघा. शेरूचा एक कान पडलेला हाय. त्याचे दोनीबी कान उभे व्हते. त्वांड निमुळतं. आन पाठीवर तांबड्यात काळे केस मिसळलेले, भाजल्यावाणी. कुत्र्याला तसे नसतेत."

"मंग लांडगा काहून न्हाई?" तातेराव गंमत बघत होता.

"लांडगा उच्चा आसतो. टांगा लांब. माणसाच्या मांडीला लागंल येवढा. आन तो माळावर मेंढरामागं फिरतो, तुरीत कशाला येईल?"

"खोकड आसंल."

"खोकड मांजरापरीस थोडं मोठं. उघड्या माळाला बीळ करून राहतंय. येवढ्या मोठ्या पोरीच्या पायाला ते लागत न्हाई."

"तडस म्हण की मंग!" लोक हसले.

"तडसाच्या आंगावर पट्टे आसतेत, म्होरून उच्च आन मागून बसकं. ते खडकात राहतं." रूपाबाई हसली नाही. "ओढ्याच्या बोराटीत कोल्हेच राहतेत. दिवस बुडाला की खेकडे खायला निघतेत. माणसाची सावली दिसली तरी पळतेत."

"आता आली की न्हाई वाटंवर!" तातेरावानं मांडीवर थाप मारली. "सावली दिसली तरी पळतो, आसं तूच म्हणून राहिली. मंग ह्यो पळाला काहून न्हाई? न्हाई पळाला, मंजी कोल्हा नव्हता!"

"म्हणून तर म्या भेले," रूपाबाई म्हणाली. "आपली जागा सोडली, आपली येळ सोडली, माणसाचं भ्याव सोडलं. ते जनावर शुद्धीत नव्हतं. पिसाळलेलं व्हतं."

हसणं थांबलं. सटवाजीनं चिंधी बांधलेल्या मनगटाकडं पाहिलं. मग त्यानं खाजा मियाकडं पाहिलं. पिंजाऱ्याच्या गालावर चार बोटं उमटलेली होती आणि सगळं गाव ती बघत होतं.

"कुत्रंच व्हतं," सटवाजी म्हणाला. "म्या जवळून पाह्यलं. बायामाणसाला घाबरल्यावर काय दिसतं!"

तातेरावानं मग शेरूपुढं पाण्याचं परळ ठेवायला लावलं. कुत्रं उठलं, आळस दिला आणि लपालपा पाणी प्यालं. "झालं," तातेराव म्हणाला. "पिसाळलेलं आसतं तर पाण्याला तोंड लावलं नसतं. कुत्रं बराबर हाय, मंजी मालकबी बराबर आन पोरगीबी बराबर." त्यानं दोघांच्या जखमेवर तिखट अन् कसलीशी मुळी लावून दिली, आणि लोक आपापल्या कामाला गेले.

*

सांजेला रूपाबाईचा नवरा ग्यानबा चुलीपाशी बसला. तो सटवाजीकडंच सालानं कामाला होता. त्याला सगळं समजलेलं होतं.

"हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं तिला," रूपाबाई म्हणाली.

"मालकानं गावादेखत कुत्रं म्हणलं. तू कोल्हा म्हणून सुनंला घेऊन निघाली, मंजी त्याला खोटं पाडलं. मंग आपल्याला कामावर कोण घेतंय?"

"आन कोल्हा आसला तर? तिच्या मायला काय तोंड दावू?"

"तू कवा पाह्यला गं पिसाळलेला कोल्हा?"

रूपाबाई काटक्या मोडत राहिली. तिचं माहेर सिद्धेश्वराकडं, पूर्णेकाठी. बाप अन् चुलता दोघं जवारीची राखण करायचे. तिचं सगळं लहानपण वावरातल्या राखणीच्या माळ्यावर गेलं. कोणतं जनावर कोणत्या झुडपात राहतं, कधी निघतं, कसं चालतं, हे तिला बापानं बोट दाखवून सांगितलं होतं. ते सगळं ग्यानबाला ठाऊक होतं. पण चुलत्याचं तिनं लग्नाला वीस वर्षं झाली तरी सांगितलं नव्हतं.

"माझ्या काकाला चावला व्हता," ती म्हणाली. "आसाच, भर दुपारा, खळ्यात शिरला. लोक म्हणले, काय न्हाई, बारका दात हाय. दीड महिना काका चांगला हिंडला. मंग पाणी गिळंना. म्या वाटी धरली तोंडाला. वाटी बघूनच त्याची नरडी आवळली. माणूस शुद्धीवर हाय, तहान लागली म्हणतोय, आन पाणी नको म्हणून हात जोडतोय. म्या नवा वरसाची व्हते."

चतुरा भिंतीशी पाय लांब करून पडली होती. ती ऐकत होती हे दोघांनाही उशिरा समजलं.

"मामंजी," ती म्हणाली, "मला जाऊ द्या."

ग्यानबानं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं, आणि मग होय म्हणाला.

सकाळी दारात खाजा मिया. गाल सुजलेला. "रूपाबाई, हिंगोली में ये दवा नै मिलती. मेरे चाचा के लडके को काटा था, तब हैदराबाद जाना पडा. पेट में चौदा सुया देते. मेरी बहन खतीजाबी रहती उधर. मय आतो संग. तुमी एकल्या बाया कशा जाशीला?"

"तुमचं काम?"

"काम वापस आकर बी पडा रहता."

निघण्याआधी रूपाबाई सटवाजीच्या वाड्यावर गेली. तो गोठ्यापुढं उभा होता. त्याची बायको नर्मदाबाई शेण भरत होती.

"मालक, तुमीबी चला. पाया पडते."

"वेचणी आर्धी राह्यली, जवार पोटऱ्यात आली. कुत्र्याच्या चाव्यापायी हैदराबादला जाऊ व्हय?"

"तुमी जवळून पाह्यलं. आमा समद्यापरीस जवळून. येवढंच सांगा, कान कसे व्हते त्याचे?"

सटवाजी बैलाकडं वळला. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "जाय. मला शिकवू नको." नर्मदाबाईच्या हातातलं शेण हातातच होतं. ती एकदा नवऱ्याकडं, एकदा रूपाबाईकडं बघत होती.

*

रूपाबाईचा लेक संतराम हिंगोलीला कापसाची सरकी काढणाऱ्या जीनमध्ये कामाला होता. निरोप मिळताच तो स्टेशनावर आला आणि बायकोसंगं गाडीत बसला. पूर्णा जंक्शनला गाडी बदलली, पुढं एक अख्खा दिवस. हैदराबादेत खतीजाबीनं आपली पुढची खोली त्यांना मोकळी करून दिली. मोठ्या दवाखान्यात रोज सकाळी रांग. रोज पोटात एक सुई. चतुराचं पोट सुजून दगड झालं. चौथ्या दिवशी ती रडून म्हणाली, आता नको. रूपाबाईनं तिचे दोन्ही हात धरले आणि तोंड दुसरीकडं केलं.

तिथल्या कंपाउंडरला तिनं खाजाकरवी एक विचारलं. गावात आणखी एकाला चावलं आहे, तो नंतर आला तर? कंपाउंडर म्हणाला, पाण्याचं भय शिरण्याआधी आला तर बघू. भय शिरल्यावर आला तर आणू नका. वाटेत हाल होतील, दुसरं काही होणार नाही.

चौदा सुया पुऱ्या करून, पंधरवडा उलटल्यावर रूपाबाई चतुराला घेऊन माघारी आली तेव्हा कुणी सरळ बोललं नाही. "कोल्हीणबाई आली," असं पाणवठ्यावर बाया म्हणायच्या. सटवाजीनं तिला वेचणीला बोलावलं नाही. ग्यानबाला मात्र ठेवलं. ती दुसऱ्या गावच्या वावरात जायला लागली. कोस कोस चालायची.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सटवाजी रोज खाजा मियाच्या दारावरून जायचा. वाट वाकडी करून जायचा. धोतराच्या सोग्यातून भाकरीचा तुकडा काढून शेरूला टाकायचा आणि ते खाईपर्यंत उभा राहायचा. लोकांना म्हणायचा, "बघा रे, आजून जित्तं हाय! कोल्हा म्हणून राहिलते." लोक हसायचे. रूपाबाईला मात्र त्या माणसाच्या चेहऱ्यावर दुसरंच दिसायचं. ताप आलेल्या लेकराची माय लेकराकडं बघते, तसं तो त्या कुत्र्याकडं बघायचा.

माघ लागला. जवारीची काढणी सुरू झाली. एका सकाळी नर्मदाबाई धापा टाकत आली. मालकीण कधी त्यांच्या दारात आलेली नव्हती.

"रूपाबाई, त्यांच्या मनगटाला मुंग्या येऊन राहिल्यात. खांद्यापस्तोर. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. वारं आलं तरी दचकतेत. आता हैदराबादला चला म्हणतेत. तू चल माय, तुला वाट ठावी हाय."

रूपाबाईला एकच विचारायचं होतं. "पाणी पितेत का?"

"सकाळी चहा ठिवला त्यो तसाच हाय. इच्छा न्हाई म्हणले."

रूपाबाईनं डोक्यावर पदर घेतला. कंपाउंडर काय म्हणाला होता ते तिनं सांगितलं नाही. इच्छा नसेलही, असं ती वाटेनं स्वतःलाच सांगत होती.

गाडी ग्यानबानं जुंपली. सटवाजी घोंगडी पांघरून बसला, शेजारी नर्मदाबाई, मागं रूपाबाई. ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्ही बाजूला जवारीचे पेंढे पडलेले, गडी रामराम घालत होते. सटवाजी त्यांना हात करत होता. मध्येच म्हणाला, "ग्यानबा, पाटाकडचा तुकडा आधी काढा. पाखरं लई हायेत." आवाज नेहमीचा. रूपाबाईला जरा धीर आला.

मग कयाधू नदी आली. उतार गुडघाभर पाण्याचा, गोट्यांवरून खळखळ वाहणारा. बैल पाण्यात शिरले अन् सटवाजी एकदम ताठ झाला. त्याची मान मागं गेली, नरडं वरखाली व्हायला लागलं, हवा ओढताना घशातून विचित्र आवाज निघाला. त्यानं दोन्ही हातांनी कान दाबले.

"थांबव! आवाज... आवाज थांबव!"

ग्यानबानं बैल मागं खेचले. गाडी काठावर आली तरी सटवाजी कान सोडेना. नर्मदाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि काय झालं, काय झालं, असं रूपाबाईला विचारत होती. रूपाबाई खाली उतरली.

बऱ्याच वेळानं सटवाजीचा श्वास जागेवर आला. डोळे लाल, पण शुद्धीत. त्यानं रूपाबाईकडं पाहिलं.

"तुझ्या काकाला आसंच झालं व्हतं?" ग्यानबानं कधीतरी त्याला सांगितलं असावं.

"व्हय, मालक."

"मंग गाडी वळवा."

माघारीच्या वाटेला रूपाबाई गाडीत बसली नाही. मागून चालत राहिली. म्या सांगत व्हते, हे शब्द महिनाभर तिच्या जिभेवर होते. आता ते कुठं गेले तिलाच समजेना.

गावात शिरताना पारावरून तातेराव ओरडला, "काहून वापस आले वो?" सटवाजीनं त्याच्याकडं बघितलं नाही. "पिंजाऱ्याच्या दाराम्होरं थांबव," तो ग्यानबाला म्हणाला.

खाजा मिया बाहेर आला. मागं कमरजहाँ. पारावरचे लोकही जमले.

"खाजा," सटवाजी म्हणाला, "कोल्हा व्हता. येवढ्या जवळून पाह्यलं म्या त्याचं त्वांड. कान उभे, नाकाड निमुळतं. तवाच वळखलं व्हतं. पर बाया कुत्रं कुत्रं म्हणत व्हत्या, आन रागाच्या भरात तुला मारून बसलो. मंग कोल्हा कसं म्हणू?" त्यानं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली. "वाटलं, कुत्रं म्हणत राह्यलो तर कुत्रंच व्हईल."

खाजा मियाचे डोळे भरून आले. "अरे मालक," तो म्हणाला, "एक थप्पड की क्या बात थी. मय कब का भूल गया था."

"म्या न्हाई भुललो," सटवाजी म्हणाला. मग नर्मदाबाईला म्हणाला, "मला गोठ्यात बांधा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका. आन माझ्या थुक्याला हात लावू नको तू."

तिसऱ्या दिवशी सटवाजी गेला.

तेराव्याला कळमनुरीकडचे पाहुणे आले होते. पंगत उठली, पानं खाल्ली, आणि बापेमाणसं मांडवात बसली. रूपाबाई अन् चतुरा पलीकडं भांडी घासत होत्या. आतून तातेरावाचा आवाज येत होता.

"म्या तर पैल्याच दिवशी वळखलं, पाव्हणं. शेपूट झुपकेदार, खाली लोंबलेली, टोकाला काळी. कान उभे. पाठीवर काळे केस, भाजल्यावाणी. म्या म्हणलं, ह्यो कोल्हा. आन जे जनावर आपली जागा सोडतं, आपली येळ सोडतं, ते शुद्धीत नसतंय. आसं चावलं की तडक हैदराबाद गाठावं."

पाहुणे हुंकार देत होते. एकानं विचारलं, "आन खोकड कसं वळखावं?" तातेराव तेही सांगायला लागला.

चतुराच्या हातातलं पातेलं दगडावर आदळलं. ती उठायला गेली. रूपाबाईनं राखेच्या हातानंच तिचं मनगट धरलं.

"बस खाली."

"आवो आत्याबाई, समदे तुमचेच शब्द! म्या सांगते त्यांना तोंडावर."

"बस म्हणते ना." रूपाबाई कान देऊन ऐकत होती. मांडवात आता सगळे चिडीचूप होते. कळमनुरीचे, आजूबाजूच्या चार गावचे बापे तातेरावाच्या तोंडाकडं बघत होते.

"सांगू दे त्याला," ती म्हणाली आणि पातेलं पुन्हा पुढं ओढलं. "बराबर सांगून राहिला."